इमो रॅपमधला 'इमो' म्हणजे नक्की काय?

एका ताईंनी विचारलंय, "मुलगा दिवसभर इमो रॅप ऐकतो, लिल पीप का कोण आहे त्याचं. इमो म्हणजे इमोशनलच ना? मग सरळ 'भावनिक रॅप' म्हटलं तर काय बिघडलं?"

ताई, व्युत्पत्ती तुमची बरोबर आहे, शब्द इमोशनलवरूनच आलाय, पण इथे तो भावना सांगत नाही, घराणं सांगतो. आपण किराणा घराणं म्हणतो तेव्हा वाण्याचं दुकान डोक्यात येत नाही, कैराना गावावरून ते नाव पडलंय आणि ते ऐकलं की आपल्याला अब्दुल करीम खाँसाहेबांची गायकी आठवते, तसंच हे.

तर हे घराणं सुरू झालं १९८० च्या दशकाच्या मध्यात, वॉशिंग्टन डीसीत. तिथे हार्डकोर पंक नावाचं रॉक संगीत चालायचं, म्हणजे आरडाओरडा, वेग, राग, सगळा बाहेरच्या जगावर काढलेला. त्यातल्याच राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडनी तोच आवाज आत वळवला, स्वतःचं तुटणं, पस्तावणं गायला लागले. लोकांनी त्याला इमोशनल हार्डकोर म्हटलं, त्याचं झालं इमोकोर आणि मग नुसतं इमो, आणि गंमत म्हणजे ज्यांना हे नाव चिकटलं त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. नव्वदीत सिअ‍ॅटलचा सनी डे रिअल इस्टेट, टेक्ससचा मिनरल हे बँड आले आणि पुढे २००० नंतर माय केमिकल रोमान्स वगैरे, ते डोळ्यांवर येणारे काळे केस आणि काजळ तेव्हाचं.

आता तुमच्या मुलाचा रॅपर, लिल पीप. खरं नाव गुस्ताव्ह, जन्म १९९६ चा, वाढला न्यूयॉर्कजवळ लाँग बीचला. त्याचं २०१६ चं 'क्रायबेबी' हे गाणं ऐका. त्यात मागे जी गिटार वाजते ती ब्रँड न्यू नावाच्या इमो बँडच्या २००१ च्या गाण्यातून उचललेली आहे, आणि हा बँड लाँग आयलंडचा, म्हणजे पीपच्या अगदी घराजवळचा! ते जुनं गिटारचं वळण पुन्हा पुन्हा फिरत राहतं, त्याखाली ट्रॅप या रॅपच्या प्रकारातला ठोका, पोटात घुमणारा बेस आणि पत्र्यावर पाऊस पडावा तशी तडतडणारी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांज, आणि वर पीपचा आवाज, अर्धा गाणं अर्धा बोलणं, जरा झोपाळलेला, एकावर एक थर दिलेला, त्यामुळे एकच मुलगा तीन कोपऱ्यांतून आपल्याशी बोलतोय असं वाटतं. रॅपच्या खाली इमोची गिटार आली म्हणून हा इमो रॅप. नुसत्या भावनेमुळे नाव पडायचं असतं तर टुपाक या रॅपरने १९९५ मध्ये आईवर केलेलं गाणं पण इमो रॅप ठरलं असतं, पण त्याला तसं कोणी म्हणत नाही.

शब्दांकडे बघितलं तर विषय मोजकेच आहेत, प्रेमभंग, नशेच्या गोळ्या, एकटेपणा, स्वतःबद्दलची चीड आणि मरण, मरण तर इतक्या सहज येतं की ऐकताना पोटात खड्डा पडतो. भाषा अगदी साधी, दहावीतल्या पोराने रात्री दोन वाजता मैत्रिणीला मेसेज करावा तशी. पीप १५ नोव्हेंबर २०१७ ला टूरच्या बसमध्येच वारला, फेंटानिल हे जहाल वेदनाशामक आणि झॅनॅक्स ही चिंतेवरची गोळी यांच्या ओव्हरडोसने, एकविसावा वाढदिवस होऊन दोन आठवडे झाले होते फक्त. त्यानंतर ती गाणी पूर्वीसारखी ऐकता येत नाहीत, मला तरी नाही येत.

म्हणूनच 'भावनिक' मला खटकतो. मराठीत भावनिक म्हटलं की भावनिक आवाहन, भावनिक राजकारण असलं काहीतरी येतं, दुसऱ्याला गहिवर आणायचा प्रयत्न. 'हळवा' फार मऊ. 'भाव' जोडून भावरॅप करावं तर भावगीत समोर उभं राहतं, गजाननराव वाटवे आणि रेडिओ, ते घराणंच वेगळं. 'विराणी' हा शब्द मात्र मनात घोळतो, ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला, पण त्यात देवाची ओढ आहे आणि इथे समोर कुणीच नाही.

'क्रायबेबी'ला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, रडतराऊ. मुलगा रडला की आपण हाच शब्द तोंडावर फेकतो आणि तो गप्प होतो. पीपने तो कपाळावर, भुवईच्या वर गोंदवून घेतला. आणि पीप हे त्याच्या आईने ठेवलेलं लाडाचं नाव, इंग्रजीत पीप म्हणजे पिल्लाची चिवचिव, लिल म्हणजे लिटल, म्हणजे आपल्या घरातलं 'छोटं पिल्लू'च की.

तेव्हा ताई, इमो रॅप असंच म्हणा आणि लिहा, दोन शब्द सुटे. इमो हे लाल, गोड सारखं न बदलणारं विशेषण धरा, इमो मुलगा, इमो मुलगी, इमो गाणी. इमोजीशी त्याचं काही नातं नाही, तो जपानी शब्द आहे, ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर. आणि मुलगा कधी "आज मी फुल इमो झालोय" म्हणाला तर तिथे मात्र तुमचा अर्थ बरोबर, तिथे तो मनाबद्दल बोलतोय, तेव्हा हातातलं काम ठेवून जरा त्याच्याजवळ बसा.