रिजेक्शनची रक्कम पगारातून कापता येते का?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीनशॉपमध्ये मी चार वर्षांपासून सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर आहे. पगार महिना १८,५०० रुपये आहे. गेल्या महिन्यात रिजेक्ट झालेल्या जॉबची, म्हणजे तपासणीत नापास ठरलेल्या सुट्या भागांची, रक्कम पाळीतील सर्वांवर सारखी वाटून माझ्या पगारातून २,४०० रुपये कापले. शिवाय सेफ्टी शूजचे ८५० रुपये कापले, आणि तीन दिवस दहा-दहा मिनिटे उशीर झाला म्हणून एक दिवसाचा पगारही कापला. विचारले तेव्हा, "कायद्याने निम्म्यापर्यंत पगार कापता येतो आणि कामावर लागताना तुम्ही तशी सही दिली आहे," असे उत्तर मिळाले. हे खरे आहे काय? – एक वाचक, शिरोली

उत्तर : निम्म्या पगाराची मर्यादा कायद्यात आहे हे खरे, परंतु कायदेशीर कपातींची बेरीज कोठवर जाऊ शकते एवढेच ती सांगते, मुळात बेकायदा असलेली कपात तिच्यामुळे कायदेशीर होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. भविष्य निर्वाह निधी, आयकर, उचल, गैरहजेरी, दंड अशी कपातीची कारणे तिच्या कलम १८ मध्ये मोजून दिलेली आहेत, आणि त्यांच्याबाहेरच्या कारणासाठी एक रुपयाही कापता येत नाही. तुमच्या सहीचेही तसेच आहे : संहितेखाली मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार कलम ६० नुसार रद्दबातल ठरतो.

मालाचे नुकसान हे कारण त्या यादीत आहे, म्हणून रिजेक्शनचा विचार जरा सविस्तर करावा लागेल. माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा, नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असावे, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असावे, अशा अटी आहेत. टर्निंग करताना, म्हणजे मशीनवर भाग तासताना, कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल म्हणजे हवेची पोकळी निघाली किंवा अडकलेली वाळू दिसली, तर तो दोष फौंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला आहे. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची त्यात हयगय कोठे आली? झिजलेला इन्सर्ट (मशीनमधले कापणारे पाते) मागूनही बदलून मिळाला नसेल, तरीही हेच म्हणावे लागेल. कोणता जॉब कोणाच्या हातून आणि कशामुळे गेला हे न पाहता सगळ्या पाळीवर रक्कम वाटणे म्हणजे दोष न शोधताच शिक्षा देणे होय, आणि माझ्या मते ही २,४०० रुपयांची कपात टिकणार नाही.

उशिराबद्दल, जेवढा वेळ तुम्ही हजर नव्हता तेवढ्याच, म्हणजे तीस मिनिटांच्या प्रमाणात पगार कापता येतो. त्यावरचे जे काही कापले तो दंड होतो. आणि दंडासाठी शासनमान्य कारणांची सूचना आधी लावलेली असावी लागते, म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, शिवाय तो त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ५५५ रुपयांची आहे, तर सव्वीस दिवसांच्या हिशेबाने एक दिवसाचा पगार सुमारे ७१२ रुपये होतो. सेफ्टी शूजबद्दल सांगायचे तर, सुरक्षेसाठी कायद्याने पुरवायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही हाच नियम होता.

प्रथम कपातीची कारणे लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि वेतनचिठ्ठ्या जपून ठेवा. उत्तर न मिळाल्यास कोल्हापुरातील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करून सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करता येईल. दावा तुम्ही स्वतः किंवा तुमची नोंदणीकृत संघटना करू शकते. मुदत तीन वर्षांची आहे. कपात योग्य होती हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, ही गोष्ट अनेक कामगारांना ठाऊक नसते आणि पुरावा नाही म्हणून ते गप्प बसतात. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

प्रश्न : नोटिशीचा काळ पूर्ण करून राजीनामा दिला, दोन महिने झाले तरी शेवटचा पगार अडवून ठेवला आहे. – एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत संपूर्ण वेतन देणे नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. वरीलप्रमाणेच लेखी मागणी करून दावा दाखल करावा.