टॅटू काढून मान आखडते, बोटं बधिर होतात, महागडी खुर्ची घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की कळंगुटला टॅटूचं काम करता, सीझनमध्ये मान आखडते, रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात. मी पण हेच काम करते, पेडण्याच्या बाजूला. खुर्चीचं राहू द्या, आधी गिऱ्हाईक कुठल्या उंचीला बसवता ते बघा.

डोकं साधारण 5 किलोचं असतं, सरळ असलं तर मणका पेलतो, पुढे झुकलं की सगळा ताण मानेच्या स्नायूंवर, आणि पाठीवरचं मोठं डिझाईन असलं तर आपण तासन्‌तास तसेच. बहुतेक आर्टिस्ट गिऱ्हाईकाला आरामात बसवतात नि स्वतः त्याच्याभोवती वाकडे होतात. उलट करा ना, बेड उंच करा, हात आर्मरेस्टवर आपल्या कोपराच्या उंचीला आणा, बरगडीवर काम असेल तर सरळ कुशीवर झोपवा, हवं तितक्यांदा हलवा, कोण रागावत नाही. लाइट पण वाढवा, अंधुक दिसलं की आपण आपोआप खाली जातो.

बोटांचं मात्र हलक्यात घेऊ नका प्लीज. तुम्ही सांगताय ती तीन बोटं म्हणजे बहुतेक मनगटातली नस दबतेय, करंगळी असती तर कोपराकडे बघावं लागलं असतं. म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरला दाखवा. सुरुवातीला बऱ्याचदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात. पेनकिलरवर सीझन संपेपर्यंत, मार्चपर्यंत ढकलू नका, हातातून वस्तू पडायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसायला लागला तर लगेच जा.

टॅटूची मशीन कॉइलची (विद्युतचुंबकावर चालणारी) असेल तर रोटरी (छोट्या मोटरवर चालणारी) बघा, हलकी असते नि कंपनं कमी. ग्रिपवर टेप गुंडाळून जाड करा, बारीक ग्रिप जास्त आवळून धरावी लागते. आणि डावा हात! त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, पण कातडी ताणून धरतो तोच. व्हॅसलिन लागलं की बोट सरकतं, मग आपण अजून जोर लावतो, म्हणून जिथे ताणायचंय तिथे टिश्यूने कोरडं करून घ्या, अर्ध्या जोरात काम होतं.

स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवलेला डिझाईनचा छाप, सुकायला दहा-पंधरा मिनिटं जातात ना, तेवढ्यात मोबाईल काढून परत मान खाली घालू नका, उभे राहा, खांदे मागे घ्या, मनगटं फिरवा. आणि मालकाला सांगून दोन मोठी कामं एकाच दिवशी लावू नका, मध्ये छोटे वॉक-इन (अपॉइंटमेंट न घेता येणारे) किंवा पिअर्सिंग घ्या.