जास्त पगाराची नोकरी घ्यावी की आवडीचं काम करावं?

तुमच्या हातात दोन ऑफर आहेत. एक मालवाहतूक कंपनीतली, हिशेब आणि नियोजनाचं काम, पगार जवळपास दुप्पट. दुसरी वन्यप्राण्यांवर माहितीपट करणाऱ्या आठ-दहा जणांच्या संस्थेतली. तिथल्या प्रमुखांनी मुलाखतीतच सांगितलं, ‘पैशासाठी येणार असाल तर येऊ नका.’ हे वाक्य मनाला भिडलं असं तुम्ही लिहिलंय. मी हे उत्तर त्या एका वाक्यासाठी लिहितेय, कारण हेच वाक्य मी पाच वर्षं ऐकलंय.

पगाराची नोकरी घ्या. कारण पुढे सांगते.

एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या दुरुस्ती विभागात मी कागद सांधायचं काम करत होते. जुन्या हस्तलिखितांच्या शाईत कधी कधी लोह असतं. हवा दमट असली की ती शाई कागदाला आतून खाते, आणि काही ठिकाणी अक्षर जाऊन अक्षराच्याच आकाराचं भोक उरतं. असं पान सांधायला कोझो या तुतीसारख्या झाडाच्या सालीचा पातळ जपानी कागद वापरतात. तो कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर हलक्या हाताने फाडायचा. मग कडेला तंतू मोकळे राहतात आणि तेच जुन्या कागदाला धरून ठेवतात. वरून गव्हाच्या सत्त्वाची खळ, अगदी बेताची. मग टिपकागदांमध्ये घालून वजनाखाली ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पान उचललं की सांधा बोटाला लागत नाही, उजेडाला धरलं तरच दिसतो. तो पाहताना जे वाटायचं ते मला आजवर दुसऱ्या कुठल्याही कामात वाटलेलं नाही. म्हणजे ओढ काय असते हे मला माहीत आहे, हे आधी लक्षात घ्या.

पगार मात्र इतका कमी की महिन्याचा तिसरा आठवडा ताईच्या पैशांवर निघायचा. आम्ही दोघी एकत्र राहायचो. भाडं ती भरायची, आईची औषधं ती आणायची. मी म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी वाढेल.’ ती म्हणायची, ‘तू कर गं, तुला आवडतंय ना.’

चौथ्या वर्षी मी सरांकडे पगाराचा विषय काढला. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. हातात विलक्षण कला होती, मला जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलं, ते ऋण मी नाकारत नाही. त्यांनी मला 1973 सालचा एक प्रयोग ऐकवला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेली लहान मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिलं तर नेमकी तीच मुलं मोकळ्या वेळात कमी चित्रं काढत होती. सर म्हणाले, ‘पैसा मधे आला की ओढ जाते. मी तुझी ओढ जपतोय.’ मी मान डोलावून जागेवर परत आले. खरंच पटलं होतं मला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका रात्री ताई जमाखर्च लिहीत बसली होती. चष्मा नाकावरून घसरत होता आणि ती एका हाताने सावरत होती. जवळ गेले तर डावी दांडी मोडलेली, आणि बिजागरीशी दोऱ्याचे घट्ट वेढे. मेण लावलेला लिननचा दोरा. मी पुस्तकं शिवायला वापरायचे तोच, माझ्याच डब्यातला. विचारलं, कधीपासून? म्हणाली, ‘झाले सहा-सात महिने.’ फाटलेलं ओळखणं हेच माझं रोजचं काम, आणि सहा-सात महिने मी रोज रात्री तिच्यासमोर बसून ते पाहिलं नव्हतं.

मग मी पाचवं वर्ष पुरं करून राजीनामा दिला. सर म्हणाले, ‘तुला या कामाची ओढ नव्हतीच. असती तर राहिली असतीस.’ तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता सांगते.

तो प्रयोग मी नंतर नीट वाचला. त्यात आणखी एक गट होता. त्या मुलांना बक्षीस मिळालं, पण आधी कबूल न करता. त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे बक्षिसाने आवड मरते एवढा सरळ अर्थ त्यातून निघत नाही, ‘हे मिळवण्यासाठी कर’ अशी अट घातली की गोष्ट बदलते. आणि मुख्य म्हणजे ती बालवाडीतली मुलं होती, त्यांच्या घरचं भाडं कुणीतरी दुसरं भरत होतं. पगार म्हणजे चित्राबद्दलचं बक्षीस नव्हे. माझा महिना, माझे डोळे आणि माझी पाठ मी दिली, त्याचा तो मोबदला.

उलट सरांनी जे केलं त्यावर वेगळं संशोधन आहे. 2009 मध्ये बंडरसन आणि थॉम्पसन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या प्राणिरक्षकांचा अभ्यास केला. ज्यांना हे काम म्हणजे आपल्या जन्माचं कार्य वाटत होतं त्यांना त्यात खोल अर्थ सापडत होता, आणि तेच लोक पगार, सुटी, स्वतःचा आराम सोडायलाही तयार होते. व्यवस्थापन आपला गैरफायदा घेईल ही धास्तीही त्यांच्यातच जास्त होती. 2020 मध्ये किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाला कामाची आवड आहे असं कळलं की त्याला बिनपगारी जादा काम सांगणं, सुटीच्या दिवशी बोलावणं लोकांना जास्त रास्त वाटतं. तुमच्या मुलाखतीतलं वाक्य यानंतर पुन्हा वाचा.

हिशेबाचंही बोलते. पगारवाढ टक्क्यांत होते. दोघांना दरवर्षी 7 टक्के मिळाले तर 10 वर्षांत दोघांचेही पगार जवळजवळ दुप्पट होतील, पण त्याबरोबर दोघांमधली तफावतही दुप्पट होईल. शिवाय पुढच्या नोकरीत आधीचा पगार विचारतातच. सुरुवातीचा कमी आकडा असा बरीच वर्षं पाठीशी राहतो.

‘पैशाने सुख येत नाही’ असं सांगणारे बरेचदा 2010 चा काहनमन आणि डीटन या नोबेल विजेत्यांचा अभ्यास पुढे करतात: एका पातळीनंतर उत्पन्न वाढलं तरी रोजचं समाधान वाढत नाही. पण 2021 मध्ये किलिंग्जवर्थ यांना वेगळं दिसलं, आणि 2023 मध्ये काहनमन स्वतः त्यांच्यासोबत बसले. त्या एकत्र कामातून निघालेला निष्कर्ष असा की बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जातं, एका टप्प्यावर ते थांबतं ते मुळात सर्वांत दुःखी असलेल्या गटात. एवढ्या मोठ्या माणसाने आपलं म्हणणं तपासून दुरुस्त केलं. आमच्या सरांनी नाही केलं.

मी विमा कंपनीच्या दफ्तर विभागात गेले. पहिले सहा महिने जड गेले, हे लपवत नाही. मग एका शाखेत पाणी शिरलं आणि फायलींचे खोकेच्या खोके भिजले. सगळे म्हणत होते फेकून द्या. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते हे मला माहीत होतं. मी म्हटलं, हे खोके आधी शीतगृहात गोठवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, वेळ मिळतो. मग आम्ही थोडे थोडे बाहेर काढून वाळवत गेलो. बहुतेक फायली वाचल्या, त्यात लोकांचे दावे होते. त्या वर्षी मला बढती मिळाली आणि त्या कामात मन रमायला लागलं. आवड तयार असते आणि आपण ती फक्त शोधायची, असं मानणारे लोक अडचण आली की लवकर सोडतात, असं ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी 2018 मध्ये दाखवलंय. माझ्या बाबतीत तरी आवड मागाहून आली.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. तुमच्यावर कुणी अवलंबून नसेल, डोक्यावर कर्ज नसेल आणि माहितीपटवाल्यांच्या पगारात तुमचा स्वतःचा महिना कुणाकडे हात न पसरता निघत असेल, तर माझं पहिलं वाक्य सोडून द्या आणि तिकडे जा. काही कामं कमी वयातच शिकता येतात, कॅमेरा घेऊन जंगलात महिनोन्महिने राहणं त्यातलंच असेल. प्रत्येक संस्था आमच्यासारखी नसते, हेही खरं. आणि मालवाहतुकीचं काम कसं असतं मला माहीत नाही, तिथे माणसं चांगली आहेत का ते तुम्हालाच बघावं लागेल.

पण होकार देण्याआधी त्या प्रमुखांना तीन गोष्टी विचारा. गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले? पाच वर्षं टिकलेल्या माणसाला आज काय मिळतं? जादा तासांचं काय, आणि ते लेखी देणार का? उत्तरात आकडे आले तर विचार करा. उत्तरात पुन्हा ओढच आली तर घरी या, आणि तुमचा महिना आत्ता कुणाच्या जिवावर चाललाय ते त्या माणसाला समोर बसवून विचारा.

पहिल्या पगारात मी ताईला चष्मा करून दिला. तो दोरा तिने कापून माझ्या डब्यात परत ठेवला होता. अजून तिथेच आहे.