विसर्जन बंदोबस्तावरच्या पोलिसांचा सोसायटीने सत्कार करावा का?

नका करू. शाल, श्रीफळ, फेटा, स्टेजवर फोटो, काहीच नको. तुम्ही लिहिलंय की सोसायटी पुण्यात मिरवणुकीच्या लक्ष्मी रोडला लागून आहे आणि वर्गणीतले थोडे पैसे उरलेत, मग त्या दिवशी पोलिसाला ज्याची सगळ्यात जास्त गरज असते ते तुमच्याकडे आहेच की, संडास आणि बसायला जागा. तळमजल्यावरचा संडास उघडा ठेवा, पाणी-साबण ठेवा आणि गेटवर मोठ्या अक्षरात कागद लावा की महिला पोलिसांची सोय आहे. पुण्याची मिरवणूक 28-30 तास चालते, पॉइंट म्हणजे नेमून दिलेली जागा सोडून जायचं कुठे म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे ऐकीव नाहीये, मी पोलीस लाईनीत वाढलेय, आमच्या शेजारच्या ताई शिपाई होत्या आणि गणपती झाले की त्यांना युरीन इन्फेक्शन ठरलेलं.

माझे पप्पा शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. मी कॉलेजात होते तेव्हा विसर्जनाला त्यांचा पॉइंट कुमठेकर रोडवर एका बोळाच्या तोंडाशी होता. रात्री एका वाड्यातल्या आजी धावत खाली आल्या, आजोबांच्या छातीत दुखत होतं, रस्ता ढोलपथकांनी भरलेला, ॲम्ब्युलन्स आत येणं शक्यच नव्हतं. पप्पांनी पथकातल्याच चार पोरांना हाताशी धरलं, आजोबांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून गर्दीतून रस्ता काढत पार ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं, मग परत येऊन पॉइंटवर उभे राहिले. घरी आल्यावर यातलं एक अक्षर बोलले नाहीत, बूट काढले, सुजलेले पाय गरम पाण्यात टाकले आणि झोपले.

आम्हाला कळलं ते आजींच्या पत्रामुळे. आजोबा वाचले, आणि आजींनी थेट पोलीस आयुक्तांच्या नावाने पत्र लिहिलं, तारीख, वेळ, जागा आणि पप्पांचा बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, घालून, तो त्यांनी त्या गडबडीतसुद्धा विचारून घेतला होता. पत्र फिरत फिरत ठाण्यात आलं, साहेबांनी हजेरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, बक्षीस मंजूर झालं, सर्व्हिस शीटला नोंद झाली. रक्कम अगदीच किरकोळ होती पण पप्पांनी त्या पत्राची झेरॉक्स काढून गावी त्यांच्या आईला पाठवली. त्याच वर्षी एका मंडळाने बंदोबस्तावरच्या लोकांचा सत्कार ठेवला होता, रात्रभर उभं राहून आलेल्या माणसांना प्रमुख पाहुणे येईपर्यंत स्टेजच्या बाजूला उभं करून ठेवलं, बसायला खुर्चीसुद्धा नाही. याला मी कौतुक म्हणत नाही, तो त्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि पोलीस त्यात सामान होते.

म्हणून पत्र लिहा. कोणी चांगलं काम केलेलं दिसलं तर नाव आणि बक्कल नंबर टिपा आणि ठाण्याच्या पीआयला (पोलीस निरीक्षकांना) किंवा आयुक्तालयात लेखी कळवा. पैसे, भेटवस्तू देऊ नका, सरकारी नोकरांसाठी 1979 चे वर्तणूक नियम आहेत, घेणाराच अडचणीत येतो.

आता हेही बोलतेच. आमचे एक काका दर 26 नोव्हेंबरला मुंबई हल्ल्यात शहीद झालेल्या तुकाराम ओंबळेंचा फोटो स्टेटसला ठेवतात, आणि माझ्या लग्नात पंगतीला बसून पाहुण्यांसमोर म्हणाले होते की पोलिसाच्या पोरीचं लग्न, याला काय खर्च, सगळं फुकटच आलं असेल. ते लग्नाचं कार्यालय पप्पांनी पतसोसायटीचं कर्ज काढून घेतलं होतं, हप्ते रिटायर होईपर्यंत पगारातून कापले गेले. ओंबळेसुद्धा सहायक फौजदारच होते ना, गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, अशोकचक्र मरणोत्तर मिळालं. त्या दिवसाआधी तेही कुठल्यातरी नाक्यावर उभे असणारच, आणि तिथून जाणाऱ्या काकांसारख्यांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलं असतं ते मला माहितीये. गेलेल्या पोलिसाला हार घालायचा आणि जिवंत पोलिसाला चोर म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही आणि काकांना मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. पप्पांनी मलाच गप्प केलं, ते वेगळं.

पैसे खाणारे पोलीस नाहीत असं मी म्हणत नाहीये, लाईनीत राहून तेही पाहिलंय. ज्यांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं, तक्रारच घेतली नाही, त्यांचा राग खरा आहे. त्यांनीही बक्कल नंबर टिपून लेखी तक्रार करावी.

खायला द्यायचंच असेल तर मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे द्या, रात्री सगळेच वडापाव देतात आणि पहाटे चारनंतर कोणी फिरकत नाही. गरम पोहे, उपमा, बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवा, पन्नाशीतल्या बऱ्याच हवालदारांना शुगर असते. आणि होमगार्डना विसरू नका, ते शेजारीच उभे असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.