कॅम्परच्या शॉवरखालची गळती दोनदा सिलिकॉन लावूनही थांबत नाही, कोणतं सीलंट वापरावं?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले. तुम्ही म्हणता, "बायको म्हणते तिची अंघोळ झाली की खालच्या प्लायला ओल येते, पण मी स्वतः दहा मिनिटं शॉवर सोडून पाहिला, एक थेंब गळाला नाही." सीलंटचं नंतर बघू. तुमच्या बायकोचं बरोबर आहे, आणि तुम्ही केलेली चाचणीही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मला माझ्या गाडीनं शिकवलंय.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. सेकंडहँड ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि एका वर्कशॉपकडून तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-अंघोळीची सोय असलेली गाडी, करून घेतला. पलंगाखाली १०० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, अर्ध्या इंची सीपीव्हीसीची (कडक प्लास्टिक पाइपाची) लाइन, मागच्या कोपऱ्यात फायबरच्या ट्रेचा छोटा शॉवर, आणि सांडपाण्याची टाकी खाली चासीला. पहिली सहल ताम्हिणीतून दिवेआगर. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखालचं सामान काढताना हाताला प्लाय गार लागला. वास कुबट. मी नवऱ्याला दाखवलं. त्यानं परत आल्यावर ट्रेच्या कडेनं सिलिकॉन फिरवलं. मे महिन्यात गणपतीपुळ्याला गेलो, पुन्हा तेच. मग वर्कशॉपवाल्यानं जुन्या सिलिकॉनवर नवा थर चढवला आणि सांगितलं, आता काळजी नको.

मी म्हणत होते, पाणी कडेनं नाही, खालून येतंय. माझे धाकटे दीर बांधकामाचे ठेकेदार आहेत. त्यांनी एका रविवारी येऊन शॉवर सोडला, बाहेर उभं राहून चहा घेतला, खाली बॅटरी मारली आणि म्हणाले, कोरडं ठणठणीत आहे. पुढे गौरीजेवणाच्या दिवशी भरल्या पंगतीत मला म्हणाले, "वहिनी, गाडीत घरच्यासारखी ऐसपैस अंघोळ नसते हो करायची. पडदा आत घेतला की झालं." सगळे हसले. मी वाढत होते. हातात वरणाचं भांडं होतं, म्हणून काही बोलले नाही. ते मला लागलं आणि आजही लागतं, कारण मी प्लंबरची मुलगी आहे.

माझे वडील, अण्णा, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पुरानंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांची वसाहत झाली, तिथं मामाच्या हाताखाली नळ जोडता जोडता ते काम शिकले. जीआय पाइपाचे आटे पाडायचे, त्यावर सूत गुंडाळून सफेदा लावायचा आणि पाना असा फिरवायचा की जॉइंट तीस वर्षं बोलणार नाही. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर वाड्यांमधून जायची. कुठे भिंतीला ओल असली की घरमालक ओलीवर बोट ठेवायचे आणि अण्णा तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते म्हणायचे, पाणी दिसतं तिथं गळत नसतं. ते आधी वरची लाइन बघायचे, मग उतार, मग कोण कधी पाणी वापरतं ते घरातल्या बायकांना विचारायचे. घरमालकांना नाही. बायकांना, कारण पाणी दिवसभर त्यांच्या हातात असतं.

अनंत चतुर्दशी झाल्यावर मी अण्णांची हत्यारांची पिशवी काढली आणि नवरा कामावर गेल्यावर गाडीत बसले. मी केलं ते क्रमानं सांगते, कारण तुम्हालाही याच क्रमानं जावं लागेल.

आधी सगळे कॉक बंद करून पंप चालू ठेवला. लाइन भरली की पंप आपोआप थांबतो. नंतर कोणी नळ न उघडता तो मध्येच 'टर्र' करून पुन्हा बंद झाला, तर दाबाच्या बाजूला कुठंतरी पाणी जातंय. मी पाऊण तास बसले, पंपानं हूं की चूं केलं नाही. म्हणजे पंपापासून शॉवरच्या कॉकपर्यंतची लाइन घट्ट होती. राहिली सांडपाण्याची बाजू आणि भिंती.

मग ट्रेच्या बाजूची फळी चार स्क्रू काढून बाहेर घेतली, खालची जागा फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी केली आणि जुन्या 'सकाळ'चे कागद पसरले. बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि ते पाणी भिंतीला न लागू देता सरळ जाळीवर ओतलं. काही नाही. दुसरी बादली, काही नाही. भाऊजींना दिसलं तेच मला दिसलं, आणि पाच मिनिटं मलाही वाटलं की माझंच चुकतंय.

तेवढ्यात लेक कॉलेजातून आली. तिला म्हटलं, ट्रेमध्ये उभी राहा आणि अंघोळ करताना जशी हलतेस तशी हल. मी खाली आडवी पडून टॉर्च धरला. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली तसा ट्रेचा मधला भाग बोटभर खाली आला आणि परत वर गेला. जाळीखालच्या वेस्ट कपलिंगचा (ट्रेला ड्रेनच्या पाइपाशी जोडणाऱ्या तुकड्याचा) नट त्याच्याबरोबर खाली-वर झाला. नटाच्या कडेला आधी एक निळी ओलसर रेघ दिसली, मग ती एका जागी फुगली, आणि थेंब कागदावर पडला. त्यानंतर ती हलेल तसे थेंब. दोन मिनिटांत कागदावर रुपयाएवढा निळा डाग झाला. मी वर ओरडून सांगितलं, "अगं, खालूनच आहे!" तिला कळेना मी एवढी का ओरडतेय.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. वर्कशॉपवाल्यानं ट्रे फक्त चारी कडांवर टेकवला होता, मधे पोकळी. घरातल्या मोरीखाली स्लॅब असतो, म्हणून तिथं हा प्रश्नच येत नाही. गाडीत ६०-७० किलोचा माणूस त्या पोकळीवर उभा राहतो, ट्रे लवतो, पण खालचा ड्रेनचा पाइप कडक असल्यामुळे लवत नाही. सगळा ताण येतो तो नटाखालच्या रबरी वॉशरवर. माणूस उतरला की ट्रे परत बसतो आणि फट मिटते. म्हणून बाहेर उभं राहून शॉवर सोडणाऱ्याला कधीच गळती सापडत नाही आणि आत अंघोळ करणाऱ्याला रोज सापडते.

त्यामुळे कोणतं सीलंट, हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. ट्रे हलतोय तोवर जगातलं कुठलंही सीलंट फाटणार. एम-सील तर अजिबात लावू नका. न हलणाऱ्या कोरड्या जागी ते उत्तम, पण हलत्या जॉइंटवर कडक लेप टिकत नाही, तडकून सुटतो.

मी ट्रे काढला. खाली मरीन प्लायच्या पट्ट्यांचा आधार दिला, पट्ट्यांवर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटची वळी टाकून ट्रे त्यावर बसवला आणि २० लिटरचे दोन भरलेले जार ठेवून रात्रभर दाबला. वेस्ट कपलिंग नवीन घेतलं, बोहरी आळीतून. वॉशर हातात वाकवून बघा, कडक असेल तर दुकानदाराला परत द्या. नट हातानं घट्ट आणि वर पाव फेरा पान्यानं, बास. जास्त आवळला तर वॉशर बाहेर सरकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कपलिंगच्या खाली कडक पाइप न लावता वीतभर लवचीक वेस्ट पाइप दिला. ट्रे थोडा हलला तरी तो धक्का पाइप गिळतो. कपलिंगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही, तिथं पाणी वॉशर अडवतो, आटे नाहीत.

कडेचं सिलिकॉन शेवटी. जुनं ब्लेडनं पूर्ण खरवडायचं, कारण सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही. स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं. भरलेले जार ट्रेमध्येच ठेवून, म्हणजे फट सगळ्यांत जास्त उघडी असताना भरायचं आणि २४ तास हलवायचं नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळ आणि पत्र्याजवळ नको, ते धातू खातं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे तो आंबट वास न येणारं, मागा. एवढंच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ब्रँडवरून मी भांडणार नाही.

दिवाळीत तारकर्लीला गेलो, आंबोली घाटातून. फळी काढून रोज सकाळी कागद बघत होते. परत येईपर्यंत कोरडा. तो कागद मी घडी घालून ठेवलाय. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "वर्कशॉपवाल्यानं नंतर नीट केलं असेल." वर्कशॉपवाला त्या गाडीत नंतर चढलाही नव्हता. नवरा तिथेच उभा होता आणि तो म्हणाला, "हिनं केलंय." त्या दोन शब्दांसाठी मी सात महिने थांबले होते.

तर तुम्हीही एकदा नीट ऐका. तुमची बायको 'अंघोळ झाली की' म्हणतेय, 'शॉवर सोडला की' म्हणत नाहीये. तिनं तुम्हाला निदान करूनच दिलंय.

आता ज्यांचा पंप मध्येच टर्रटर्र करतो त्यांच्यासाठी. तुमची गळती बहुधा दाबाच्या बाजूला आहे. माझं स्पष्ट मत, गाडीत सीपीव्हीसी लावूच नये. इमारतीसाठी तो चांगला पाइप आहे, गरम पाणीही सोसतो. पण इमारत ताम्हिणीतून जात नाही. चिकटवलेला एल्बो कडक असतो आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. त्यात दाबाचा हिशोब बघा. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असली तर एक बार दाब मिळतो. गाडीतले बहुतेक पंप अडीच-तीन बारला बंद होतात. म्हणजे घरच्या लाइनच्या अडीच-तीन पट दाब, आणि वरून हादरे. पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) किंवा कंपोझिट (आत ॲल्युमिनियमचा थर असलेला) पाइप घ्या, दर फुट-दीड फुटावर रबर घातलेला क्लॅम्प मारा, आणि पंपाच्या दोन्ही तोंडांना लवचीक होज द्या. बारीक पाझर सापडत नसेल तर जॉइंट पुसून खडूची पूड लावा, ओली रेघ लगेच उमटते. पण पाइप कापण्याआधी एक बघा. पंपाच्या आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) खराब असला तरी पंप असाच टर्रटर्र करतो आणि गाडीत एक थेंब सांडत नाही, कारण पाणी उलटं टाकीत जातं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फळी काढण्याआधी पंपाचा फ्यूज आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, बऱ्याच गाड्यांत वायरिंग त्याच पोकळीतून जातं. गाडी सपाट जागी उभी करून तपासा, नाहीतर पाणी उतारानं दुसऱ्याच कोपऱ्यात जाईल आणि तुम्ही तिथं खोदत बसाल. प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, टोक आत रुतलं तर तेवढा प्लाय कापून बदला, वाळवून चालणार नाही. आणि तुम्ही शेवटी गॅस गीझर बसवायचा विचार करताय असं लिहिलंय, तो बंद गाडीत अजिबात बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, एवढ्याशा जागेत माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. गळती परवडली.

या रविवारी बायकोला ट्रेमध्ये उभं राहायला सांगा, निळीचं पाणी ओता आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा. थेंब पडला की तिथूनच तिला ओरडून सांगा.