आयोवाचा निकाल वाचताना

अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारीची शर्यत तुम्ही प्रथमच बारकाईने पाहणार असाल, तर सुरुवातीच्या राज्यांत कोण जिंकले एवढ्यावरच थांबू नका. उमेदवार अखेर ठरवतात ते राज्याराज्यांतून निवडलेले, पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील मतदानाच्या पहिल्या फेरीत बहुमतासाठी असे १,९९१ प्रतिनिधी लागत होते; त्यांपैकी आयोवातून निवडले जाणार होते ४१ आणि न्यू हॅम्पशायरमधून अवघे २४. तरीही या निकालांना वजन येते, कारण देणगीदार आणि पुढच्या राज्यांतील मतदार त्यांवरूनच कोणाचा टिकाव लागेल याचा अंदाज बांधतात, आणि पैसा आटला की उमेदवाराला माघार घ्यावी लागते.

त्या वर्षी जो बायडेन आयोवात चौथे आले. न्यू हॅम्पशायरमध्ये तर मतदानाच्याच दिवशी, निकालाची वाट न पाहता, ते साउथ कॅरोलिनाला निघून गेले. न्यू हॅम्पशायरमध्ये ते पाचवे ठरले. अनेकांनी त्यांना तेव्हाच मोडीत काढले, आणि हीच घाई तुम्ही टाळावी असे मला मनापासून वाटते. पहिली दोन्ही राज्ये बहुतांशी श्वेतवर्णीय आहेत, तर साउथ कॅरोलिनात पक्षाचा कणा कृष्णवर्णीय मतदार आहेत. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला, २९ फेब्रुवारीला बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, आणि दोनच दिवसांत पीट बुटिजेज व एमी क्लोबुशार शर्यतीतून बाहेर पडून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ३ मार्चला १४ पैकी १० राज्ये बायडेन यांनी जिंकली.

म्हणून निकाल लागताच विजेत्याबरोबर १५ टक्क्यांच्या खाली कोण राहिले तेही पाहा. या पक्षात त्या मर्यादेखाली सहसा प्रतिनिधी मिळत नाहीत.