सर्वेक्षण कसलं, पाळत म्हणा!

प्रश्न आहे: 'डिसीज सर्व्हेलन्स'ला 'रोग सर्वेक्षण' म्हणणं बरोबर का? आणि 'बायोसर्व्हेलन्स'ला, म्हणजे आपसूक आलेल्या किंवा मुद्दाम सोडलेल्या जंतूंवर नजर ठेवण्याला, काय म्हणावं?

बरोबर नाही. सर्वेक्षण म्हणजे सर्व्हे. घरोघर जायचं, मोजायचं, अहवाल दिला की संपलं. सर्व्हेलन्स म्हणजे सतत नजर ठेवणं; ते संपत नाही, रोज चालतं. 2004 साली केंद्राने सुरू केलेल्या कार्यक्रमाला हिंदीत 'एकीकृत रोग निगरानी कार्यक्रम' म्हणतात आणि आपल्याकडे 'एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम'. हिंदीने नेमका शब्द धरला, आपण भलताच उचलला.

'पाळत' सुचवली की परिभाषावाले बिचकतात: हा पोलिसी शब्द, पेशंटला कसा लावायचा? अहो, मूळ फ्रेंच शब्दच पोलिसी आहे! 1793 मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, फ्रान्समध्ये गावोगाव 'सर्व्हेयांस' समित्या नेमल्या, त्या परक्यांवर आणि संशयितांवर नजर ठेवायला. पुढे डॉक्टरांनी तो शब्द रोग्याच्या संपर्कात आलेल्या माणसांसाठी घेतला, आणि अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युर यांनी माणसांवरून थेट रोगावर नेला. कोरियन युद्ध चालू होतं, जैविक हल्ल्याची धास्ती होती. 1951 मध्ये त्यांनी साथींचा माग काढणाऱ्या डॉक्टरांचं पथकच उभं केलं. शत्रूने सोडलेला जंतू आणि आपसूक आलेली साथ सुरुवातीला सारखीच दिसते, म्हणून दोन्हींसाठी पहारा एकच.

आता खरी गंमत. 'पाळत' आली 'पाळणे'वरून, आणि त्यामागचा संस्कृत 'पाल्' म्हणजे रक्षण करणे. गोपाळातला पाळ तोच. म्हणजे राखणीचा शब्द हेरगिरीकडे गेला. 'निगा' मात्र नेमकी उलट वाट चालली. फारसी 'निगाह' म्हणजे नुसती नजर. मराठीत आल्यावर ती झाली काळजी! आपण बाळंतिणीची निगा राखतो, तेव्हा मुळात तिच्यावर नजर ठेवत असतो. एक शब्द जपण्याकडून बघण्याकडे गेला, दुसरा बघण्याकडून जपण्याकडे आला. माझं ठाम मत आहे की मराठी मनात बघणं आणि जपणं ही एकच क्रिया आहे. मग 'पाळत' रोग्याला अपमानास्पद कशी?

'उंदीर पडणे' हा प्रयोगही आठवा. पडणे म्हणजे इथे मरून पडणे. घरात उंदीर पडले की प्लेग आला हे ओळखून माणसं गाव सोडून माळावर झोपड्या घालत. माणूस आजारी पडण्याआधी मिळालेला इशारा वाचणं, हेच तर सर्व्हेलन्स! कोणत्याही समितीने घडवलेला नाही हा शब्दप्रयोग.

राहिलं 'बायोसर्व्हेलन्स'. कृपा करून 'जैविक सर्वेक्षण' नको. ते वनस्पती सर्वेक्षणाचं भावंड वाटतं, कुणी झाडं-किडे मोजत असल्यासारखं. 'जैविक धोक्यांवरची पाळत' म्हणा.